सशाचा डोळा

"चोर म्हणालास ना तू उल्हासला? मग शनिवारी तो येतोय, त्याच्या तोंडावर म्हण."

"म्हणेन. आधी तुम्ही चित्राकडे बघा."

"बारा वर्षं बघतोय मी त्या चित्राकडे."

"तुम्ही कुठे बघता काका. तुमची तर त्याच्याकडे पाठ असते."

मोरेश्वर काकांनी हातातला पोळीचा तुकडा ताटात परत ठेवला. ते ओरडत नाहीत. हार्टचे डॉक्टर होते, आता रिटायर झालेत, पण अजून समोरच्याकडे रिपोर्ट वाईट आल्यासारखं बघतात. रत्ना काकूनं आमटीची वाटी उचलली, रिकामी झाली नव्हती तरी, आणि किचनमध्ये गेली.

"नीट ऐक निहार. उल्हास माझा कॉलेजपासूनचा मित्र आहे. शनिवारी तो म्युझियमच्या बाईला घेऊन येतोय. तिच्यासमोर तू एक शब्द बोलायचा नाहीस. ती गेली की उल्हासची माफी मागायची. नाहीतर मी शंतनूला फोन करतो आणि तू बेलव्ह्यूला परत."

"आत्ताच म्हणालात तोंडावर म्हण."

"निहार."

मी पोळी तोडायला लागलो.

शंतनू म्हणजे माझा बाबा. काकांचा सगळ्यात धाकटा भाऊ. मी दहा वर्षांचा असताना आम्ही पुण्याहून बेलव्ह्यूला आलो, बाबाचा सॉफ्टवेअरचा जॉब. गेल्या वर्षी मी हायस्कूल सोडलं. का सोडलं ते मी शंभर जणांना सांगितलंय आणि एकालाही पटलेलं नाही, म्हणून आता सांगत नाही. बाबा माझ्याशी बोलायचा बंद झाला. म्हणजे भांडत पण नाही. मी किचनमध्ये आलो की तो लॅपटॉप उचलून वर जायचा. तेव्हा काकांनी फोन केला की पाठव त्याला माझ्याकडे, ह्यूस्टनजवळ शुगर लँडला, इथे बसून हायस्कूलऐवजी देतात ती जीईडीची परीक्षा देईल.

मला वाटलं होतं काका लेक्चर देतील. नाही दिलं. पहिल्याच रविवारी मला हॉलवेमध्ये उभं केलं आणि भिंतीवरची इंग्लिश शिकारीची प्रिंट्स दाखवली. लाल कोटवाले घोड्यांवर, खाली कुत्र्यांची पलटण. म्हणाले, "यात काय दिसत नाहीये सांग." मी म्हटलं, "कोल्हा. सगळे धावतायत, पण कोल्हा फक्त त्या कोपऱ्यातल्या चित्रात आहे." काका माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "हे मला विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं." तेव्हापासून ते माझ्याशी नीट बोलायला लागले. मोठ्या माणसाशी बोलतात तसं. मी चिडलो की थांबायचे, मी शांत झालो की पुढे बोलायचे. असं कुणी केलं नव्हतं माझ्याशी. म्हणून मला बेलव्ह्यूला जायचं नव्हतं. आणि त्याहून जास्त म्हणजे, मी खोटं बोलतोय असं काकांना वाटायला नको होतं.

आता चित्र. ते डायनिंग रूममध्ये आहे, दार नसलेल्या भिंतीवर, जवळजवळ माझ्याएवढं. काकांनी ते एका तेलविहिरीवाल्याच्या घरातल्या सामानाच्या सेलमध्ये घेतलं. तीनशे वर्षांपूर्वीचं, बेल्जियमकडचं. कुणी काढलं माहीत नाही, कुठल्यातरी मोठ्या चित्रकाराच्या हाताखालचा कुणीतरी. मागे काळोख, पुढे दगडी कठडा. एक ससा मागच्या एका पायानं खिळ्याला टांगलेला, डोकं खाली. पोट पांढरं, केस एकेक काढलेला. नाकाशी रक्ताचा थेंब. बाजूला दोन तित्तिर, एकाचा पंख पत्त्यांसारखा उघडलेला. शिकाऱ्याचं पितळी शिंग. काळी द्राक्षं. आणि खालच्या कोपऱ्यातून एका कुत्र्याचं नाक, सशाचा वास घेणारं.

मी एकदा विचारलं होतं, घरात अंडं सुद्धा शिजत नाही, मग हे का घेतलं. काका खूश झाले प्रश्नावर. म्हणाले, तिकडे तेव्हा शिकारीचा हक्क फक्त जमीनदार लोकांना होता. गावातल्या व्यापाऱ्याकडे पैसा यायचा, पण सशाला हात लावला तर शिक्षा. मग तो शिकारीचं चित्र घेऊन जेवणघरात लावायचा.

"म्हणजे शो-ऑफ," मी म्हटलं.

"म्हणजे शो-ऑफ," काका म्हणाले आणि हसले. "मी पहिल्यांदा इथल्या चीफ सर्जनकडे जेवायला गेलो, तेव्हा त्याच्याकडे होतं असलं एक. मला सॅलडचा फोर्क कुठला ते कळत नव्हतं. तेव्हाच ठरवलं."

टेबलावर काका चित्राकडे पाठ करून बसतात, हेडच्या खुर्चीत. पाहुण्यांना काका आणि मागे चित्र असं दिसावं म्हणून. काकू बरोबर समोरच्या टोकाला, किचनच्या बाजूला. मी मधे, साइडला. जेवताना कुणी फार बोलत नाही, म्हणून मी मान वळवून ते चित्र बघत असतो. मला ते आवडत नाही, पण मला ते पाठ आहे.

सशाचा डोळा उघडा होता. हे मी शपथेवर सांगतो. मेलेल्या माशाचा असतो तसा, काचेसारखा, आणि त्यात एक पांढरा ठिपका, खिडकीचा उजेड. तो ठिपका कुठेही बसलं तरी दिसायचा.

गणपतीनंतरच्या आठवड्यात मी भात कालवत होतो आणि वर बघितलं तर डोळा बंद.

ठिपका नाही. काच नाही. पापणी खाली आलेली, तिच्या कडेला बारीक तपकिरी रेघ. झोपल्यासारखा ससा.

मी काही बोललो नाही त्या दिवशी. मला वाटलं मीच वेडा झालो. दुसऱ्या दिवशी दुपारी काका गॉल्फला गेले तेव्हा खुर्चीवर चढून बघितलं. बंद. मग मी विचार करायला लागलो की हे चित्र घराबाहेर कधी गेलं होतं.

गेलं होतं. उन्हाळ्यात उल्हास काका आले होते, चित्राच्या मागे हात घातला आणि म्हणाले, "मोऱ्या, तार कुजलीय रे. एक दिवस सगळा शिकारखाना तुझ्या टकलावर पडेल." ते त्यांच्या ओळखीच्या फ्रेमवाल्याकडे घेऊन गेले, त्यांच्याच मिनीव्हॅनमध्ये. चित्र परत आलं ते ऑगस्ट संपल्यावर, मागे नवा कोरा पुठ्ठा लावून. आणि लगेच गणपती. काकू दर वर्षी गणपती डायनिंग रूममध्येच बसवते, आणि तेवढे दिवस चित्रावर धुतलेली चादर टाकते. देवासमोर मेलेली जनावरं नकोत. काका त्याला सशाचं सोवळं म्हणतात. म्हणजे चित्र घरी आलं ते थेट चादरीखाली गेलं. चादर निघाली तेव्हा डोळा बंद. मधे कुणी बघितलंच नाही.

आता तुम्हीच सांगा, काय अर्थ होतो याचा. खरं चित्र गेलं आणि त्याच्या जागी कॉपी आली. आणि कॉपी करणाऱ्यानं एक चूक केली.

उल्हास काकांबद्दल सांगतो. ते भूल देणारे डॉक्टर होते. ज्या माणसाचा धंदाच समोरच्याला काही कळू न देणं, त्याच्यावर मी का विश्वास ठेवू. त्यांना जुन्या वस्तूंचा नाद आहे. घड्याळं घेतात, विकतात, कुणाकडून घेतलं ते सांगत नाहीत. फ्रेमवाल्याचं दुकान कुठे आहे विचारलं तर म्हणाले, "तिकडे आहे, गॅल्व्हेस्टनच्या रस्त्याला." तो रस्ता केवढा लांब आहे माहितीये का.

हे सगळं मी जेवताना काकांना सांगितलं. सुरुवातीला सांगितलं ते भांडण तिथूनच सुरू झालं.

"उल्हासला चित्र पळवायचं असतं तर तो म्युझियमच्या बाईला कशाला आणेल?" काका म्हणाले.

"कुणाला संशय येऊ नये म्हणून."

"एवढं डोकं अल्जिब्रात चालवलं असतंस तर आज इथे नसतास."

ती म्युझियमची बाई का येत होती ते सांगायला हवं. ह्यूस्टनमधल्या एका छोट्या म्युझियममध्ये शिकारीच्या चित्रांचं प्रदर्शन होणार होतं, इथल्या लोकांच्या घरातली जुनी चित्रं मागून घेऊन. चित्राच्या बाजूला पाटी लागते, कुणाकडून आलंय त्याची. काकांनी ती पाटी मनात किती वेळा वाचली होती देव जाणे. मला तीनदा सांगितलं होतं, डॉक्टर अँड मिसेस असं लिहितात म्हणून.

शनिवारच्या आधी मला पुरावा हवा होता. शुक्रवारी मी काकांच्या कॉम्प्युटरवर जुने फोटो बघितले. मे महिन्यात काकूच्या वाढदिवसाला मीच काढलेला एक होता. काकू केकसमोर, काका तिच्या बाजूला, मागे चित्र. मी सशाचं डोकं मोठं केलं, अजून मोठं केलं, सगळे चौकोन चौकोन झाले. पण त्या चौकोनांत एक पांढरा होता. ठिपका.

मी प्रिंट काढून किचनमध्ये नेलं. काकू वाटली डाळ करत होती.

"काकू, हे बघ. डोळा उघडा आहे की नाही?"

तिनं हात पदराला पुसले. ती घरात साडीच नेसते. प्रिंट हातात न घेता लांबूनच बघितलं. "फ्लॅश पडला असेल रे."

"फ्लॅश डोळ्यातच पडतो? बरोबर डोळ्यात?"

"निहार, सोड ना हा विषय. एका सशापायी कशाला वैर घेतोस काकांशी."

"मी वैर घेत नाहीये. ते मला खोटारडा म्हणतायत."

"नाही म्हणाले ते तसं."

"अजून म्हणाले नाहीत."

तिनं गॅस बारीक केला. मग मोठा केला. मग म्हणाली, "उल्हास भावजी चांगले आहेत. त्यांचं नाव घेऊ नकोस. तेवढं ऐक माझं."

आणि मला लगेच संशय आला. काकू कधी कुणाची बाजू घेत नाही. भांडण झालं की ती वाट्या उचलते. मग उल्हास काकांसाठी एवढं का. मी तिथेच उभा राहून विचार केला, आणि मला वाटलं हीसुद्धा सामील आहे. कशी, ते कळत नव्हतं. पण रात्रभर तेच डोक्यात होतं.

शनिवारी दुपारी उल्हास काका आले. हवाईयन शर्ट, हातात फरसाणाचा डबा. त्यांच्यामागे ती बाई, लिंडा नाव, साठीची, सपाट बूट, गळ्यात दोन चष्मे. काकांनी ब्लेझर घातला होता. बाहेर अंगाला चिकटणारं ऊन आणि घरात ब्लेझर.

"काय शेरलॉक," उल्हास काका मला म्हणाले. म्हणजे काकांनी त्यांना सांगितलं होतं. "हातकड्या आणल्यास का? माझं मनगट जाड आहे, मोठी साइज बघ."

मी काही बोललो नाही. शप्पथ.

लिंडाबाई चित्रासमोर उभी राहिली. पहिल्यांदा लांबून, मग चष्मा बदलून जवळून. तित्तिराच्या पंखापाशी हसली. कुत्र्याच्या नाकापाशी "हॅलो" म्हणाली. मला ती आवडली. काका तिच्या मागे हात बांधून उभे, पहिल्यांदाच चित्राकडे तोंड करून. उल्हास काका फरसाण खात होते. काकू ट्रेमध्ये श्रीखंडाच्या वाट्या घेऊन किचनच्या दारात उभी होती.

मग बाईनं खिशातून छोटा टॉर्च काढला आणि बाजूनं, भिंतीला लागून उजेड टाकला. सशापाशी थांबली. उजेड खाली-वर केला.

माझ्यानं राहवलं नाही. "ही कॉपी आहे ना?"

"निहार," काका म्हणाले.

"विचारू द्या की. कॉपी आहे ना? डोळा उघडा होता. माझ्याकडे फोटो आहे. यांनी नेलं होतं फ्रेमला, यांना विचारा कुठल्या दुकानात." मी उल्हास काकांकडे बोट केलं. इंग्लिशमध्ये बोललो सगळं, बाईला कळावं म्हणून.

काकांचा चेहरा मी बघितला नाही.

लिंडाबाई माझ्याकडे वळली, रागावली नव्हती. म्हणाली, चित्र जुनंच आहे. हे तडे असे कुणी नव्यानं काढू शकत नाही. पण डोळ्याबद्दल तू म्हणतोस ते बरोबर आहे. ये, बघ. तिनं टॉर्च धरला. सगळं चित्र चमकत होतं, जुन्या वॉर्निशनं. फक्त पापणीवर चमक नव्हती. वाटाण्याएवढी मंद जागा. "कुणीतरी वरून रंग लावलाय. अगदी अलीकडे. पाण्याचा रंग आहे, ऑइलसुद्धा नाही. आणि फार सुंदर लावलाय. ही कड बघ, एका फटक्यात ओढलीय. थरथर नाही."

उल्हास काका जवळ आले, चष्मा कपाळावर ढकलला, बघितलं आणि फसकन हसले. तोंडातलं फरसाण सांभाळत मागे गेले.

काका मात्र माझ्याकडे बघत होते.

"फ्रेमवाल्यानं?" बाईनं विचारलं.

"फ्रेमवाला कशाला लावेल," काका म्हणाले, आणि मग मराठीत, मला, अगदी हळू, "तू केलंस हे?"

"मी?"

"रोज बघत असतोस. खुर्चीवर चढला होतास, क्लीनिंगवाली म्हणाली. उल्हासवर आळ घ्यायला केलंस?"

"मला सरळ रेघ काढता येत नाही काका. मी जॉमेट्रीत नापास झालोय."

"मग कोणी केलं? घरात आहोतच कोण?"

लिंडाबाईला शब्द कळत नव्हते, पण काय चाललंय ते कळत होतंच. तिनं मधेच, मदत म्हणून, सांगितलं की काळजी नको, हे निघून येईल. म्युझियमचा माणूस कापसाच्या काडीनं काढेल. यासाठी सगळ्यात चांगली म्हणजे थुंकी. काडी तोंडात ओली करायची आणि हळूहळू फिरवायची. वर्षानुवर्षं तसंच करतात.

"थुंकी?" काकू म्हणाली. मराठीत. "त्याच्या डोळ्याला उष्टं लावणार?"

ट्रेमधल्या वाट्या एकमेकींवर वाजल्या.

आम्ही सगळे वाटाण्याएवढ्या जागेवर वाकलो होतो, बाई, काका, मी. उल्हास काकासुद्धा मागून मान लांब करत होते. एकटी काकू चित्राकडे बघत नव्हती. ती बाईच्या हातांकडे बघत होती.

मला कळलं, कुणी केलं ते. काकांना नाही कळलं. त्यांना वाटलं सोवळ्याओवळ्याचं काहीतरी. ते म्हणाले, "तू आत जा गं," आणि बाईची माफी मागायला लागले.

बाई निघाली. जाताना म्हणाली, चित्र हवंय आम्हाला, पण आधी डोळा साफ करायला हवा, आणि कुणी केलं ते घरातच मिटवा. ती तिच्या गाडीनं गेली. उल्हास काका ड्राइव्हवेमध्ये मिनीव्हॅनपाशी होते. मी धावत गेलो. पाय भाजत होते, बूट घातले नव्हते.

"सॉरी," मी म्हटलं. "तुम्ही चोर नाही."

"थँक्यू," ते म्हणाले. "कॉपी करून घ्यायची म्हणजे किती फोन करावे लागतील रे. मी एवढा उद्योगी असतो तर माझं लॉन असं असतं का?"

"तुम्ही हसलात का मगाशी?"

त्यांनी घराकडे बघितलं. "वहिनींचं माहेर कुठलं माहितीये तुला?"

"कोकणात कुठेतरी."

"पेण. गणपतीचा कारखाना होता घरी. मोऱ्याच्या लग्नाला गेलो होतो मी. मांडवाच्या मागे पाचशे गणपती, सगळे आंधळे. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी करतात, आणि ती सगळ्यांना जमत नाही. वहिनींचे वडील करायचे, आणि ते गेल्यावर वहिनी. पोरीनं देवाचे डोळे काढायचे म्हणून गावात थोडी बोलाबोलीही झाली होती. ती पापणी बघितली आणि मी ओळखली. आता इथल्या महाराष्ट्र मंडळात पोरांच्या शाडूच्या गणपतींना डोळे कोण काढतं? तू होतास ना तिथे?"

होतो. मी बाहेर पार्किंगमध्ये बसलो होतो.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी म्हटलं. माझं डोकं तापलं. "काका मला विचारतायत तू केलंस का, आणि तुम्ही फरसाण खाताय."

"नवरा-बायकोच्या मधे मी जात नाही. आणि तू मला पाहुण्यांसमोर चोर म्हणालास. म्हटलं, शिजू दे थोडं." त्यांनी गाडीचं दार उघडलं. "सांगायचं असेल तर तू सांग. पण नीट विचार करून सांग बाबा. मोऱ्याला ती पाटी फार हवी होती."

मी आत आलो तेव्हा काका फोनवर होते. बाबाशी. "नाही, मारामारी वगैरे नाही. चित्र खराब केलं. हो. फ्लाइट आज संध्याकाळचीच मिळतेय." मी समोर उभा राहिलो. मला फक्त तोंड उघडायचं होतं. काकांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "तू डोळा बदललास म्हणून नाही रे. मी विचारलं तेव्हा नाही म्हणालास म्हणून."

माझ्या तोंडाशी आलं होतं. पण किचनचं दार अर्धं उघडं होतं आणि त्यात साडीचा काठ दिसत होता. मी ओरडलो ते वेगळंच. "तुम्हाला कधीच काही दिसत नाही," असं. आणि वर आलो.

काकू मागोमाग आली. दार लोटलं, पलंगाच्या कडेवर बसली.

"मेलेल्याचे डोळे आपण मिटतो रे," ती म्हणाली. "कुणीही असो. माझ्या बाबांचे मी मिटले. त्या बिचाऱ्याचे कुणी मिटलेच नाहीत. काढणाऱ्यानं पण नाही. मी रोज समोर बसून जेवायचे, तो बघायचा. बारा वर्षं. ह्यांना सांगितलं होतं पहिल्या वर्षी. म्हणाले, सवय होईल."

"झाली नाही?"

"होते का. या वर्षी चादर टाकायला गेले, हातात ब्रश होताच. मंडळातून नुकतीच आले होते. एका मिनिटाचं काम. वाटलं, कुणाला कळणार नाही. तित्तिरांचे बंदच आहेत."

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे बघितलं असणार, पण लक्षात नव्हतं आलं.

"मग सांग ना काकांना. ते मला उगाच पाठवतायत."

"सांगणार आहे."

"कधी?"

"मी पण येतेय एअरपोर्टला. गाडीत सांगते. स्टिअरिंगवर असले की ते ऐकून घेतात, उठून जाता येत नाही ना. घरात सांगितलं तर स्टडीत जाऊन दार लावतील."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर तू सांग," काकू म्हणाली.

"मग आत्ताच का नाही मी सांगायचं?"

ती माझा टी-शर्ट उचलून घडी घालायला लागली. तिची बोटं अजिबात थरथरत नव्हती, हे मी बघितलं. जिची बोटं एवढी स्थिर असतात ती घाबरलेली नसते. किंवा घाबरल्यावरच तिची बोटं स्थिर होत असतील. मला तिचं काहीच कळत नाही. मघाशीच ती दाराआड उभी होती आणि मला बोलणी बसत होती, तेव्हा पुढे नाही आली. गाडीत येईल पुढे? का मला एअरपोर्टला नेईपर्यंत गप्प ठेवायला हे सांगतेय? मी तिला सरळ विचारलं.

"तुला माझ्यावर पण विश्वास नाही का रे?"

"नाही," मी म्हटलं.

तिला राग आला नाही. मान हलवली, जसं काही मी हिशेब बरोबर सांगितला. "ठीक आहे. मागे बसू नकोस मग. पुढे बस, त्यांच्या शेजारी. मी मागून बोलेन, आणि तू त्यांचं तोंड बघ. मला दिसणार नाही, तू मला नंतर सांग."

नंतर कधी, मी तर विमानात असेन. असं मी म्हणणार होतो, पण ती खाली गेली.

बॅग भरून झालीय. जीईडीची पुस्तकं मुद्दाम ठेवलीयत टेबलावर, नेली नाहीत. परत यायचं असलं तर इथेच असू देत. मघाशी बाथरूममध्ये जाताना जिन्यावरून वाकून बघितलं. काका डायनिंग रूममध्ये होते. ब्लेझर काढला नव्हता. त्यांच्या खुर्चीत नव्हते बसले. काकूच्या खुर्चीत बसले होते, किचनच्या बाजूच्या, चित्राकडे तोंड करून. टेबलावर श्रीखंडाच्या वाट्या तशाच. ते जेवत नव्हते, काही वाचत नव्हते. बघत होते. किती वेळ बसले होते माहीत नाही. मला वाटलं खाली जावं आणि विचारावं, आता काय दिसतंय. पण चुकीचं उत्तर आलं असतं तर मी परत ओरडलो असतो.

आता खिडकीतून दिसतंय, गाडी बाहेर निघालीय. काकू आलीय खाली, पर्स घेऊन. ड्रायव्हरच्या मागच्या दारापाशी उभी आहे, पण दार उघडत नाहीये. तिकडूनच वर बघतेय, माझ्या खिडकीकडे. काकांनी हॉर्न वाजवला. ते एकदाच वाजवतात. मला आता निघायला हवं.